यादीत आधी माणसं लिहा

पूर्वी लग्नाची पत्रिका हातात आली की आपण दोनच गोष्टी बघायचो. अक्षता किती वाजता आणि कार्यालय कुठलं. बाकीचा मजकूर सगळ्यांना पाठच असायचा. आता पत्रिकेच्या जोडीला मोबाइलवर पाच-सहा रंगीत चित्रं येतात. शुक्रवारी दुपारी स्वागत, संध्याकाळी मेंदी. शनिवारी सकाळी हळद, दुपारी पोहण्याच्या तलावाकाठी खेळ, रात्री संगीत. रविवारी लग्न आणि संध्याकाळी समुद्राकाठी रिसेप्शन. प्रत्येक कार्यक्रमापुढे कपड्यांचा रंगसुद्धा लिहिलेला. मेंदीला हिरवा, हळदीला पिवळा, संगीताला काहीतरी चमचमतं. आणि ठिकाण? गोवा, नाहीतर गणपतीपुळे, नाहीतर महाबळेश्वर.

‘डेस्टिनेशन वेडिंग’ म्हणजे आपलं गाव सोडून, पाहुण्यांना दोन-तीन दिवस एखाद्या रिसॉर्टवर नेऊन केलेलं लग्न. कधीकाळी हे नट-नट्यांचं आणि उद्योगपतींचं काम होतं. मग ते पुण्या-मुंबईच्या आयटीतल्या मुलामुलींचं झालं. आता आमच्या गडहिंग्लजपर्यंत येऊन पोहोचलंय. आंबोलीचा घाट उतरला की गोवा, त्यामुळे आमच्याकडे त्याची चर्चा जरा जास्तच. गेल्या दोन-तीन वर्षांत ओळखीपाळखीतल्या अशा चार लग्नांना मी जाऊन आले. एकीकडे घर-संसार आणि दुसरीकडे बचत गट, महिला समुपदेशन केंद्र असं काम असल्यामुळे लग्नाच्या मांडवातही माझं लक्ष स्टेजपेक्षा स्टेजच्या मागे जास्त असतं. तिथे जे दिसलं त्यावरून एक गोष्ट पक्की वाटायला लागली आहे. या लग्नांत सगळ्यात महत्त्वाचा कागद पत्रिका नव्हे, वेळापत्रक. कोणाला झोप मिळणार, कोण उपाशी राहणार, कोणाला बोलवायचंच नाही आणि कोणाच्या डोक्यावर कर्ज चढणार, हे सगळं त्या एका कागदावर ठरतं. आणि तो कागद लिहिताना आपण बायका बहुतेक वेळा चहा करायला आत गेलेल्या असतो!

हौस करू नका, असं सांगणारी मी नव्हे. आणि ‘आमच्या वेळी लग्नं कशी एका दिवसात व्हायची’ असंही म्हणणार नाही, कारण ते खरंच नाही. आपल्या आज्यांची लग्नं चार-चार, पाच-पाच दिवस चालायची. मुहूर्तमेढ, घाणा, देवक, हळद, सीमांतपूजन, मग अक्षता, वरात, जागरण-गोंधळ. पण ते सगळं दारातल्या मांडवात व्हायचं. दमलेली चुलती घटकाभर आतल्या खोलीत पडायची. बाळंतीण पडद्याआड बसून बाळाला घ्यायची. म्हाताऱ्या आजेसासूला झेपेल तेवढंच ती बसायची आणि मग तिच्या बाजेवर जायची. बायकांचे हाल तेव्हाही होते, शंभर माणसांच्या पोळ्या लाटणारे हात कोणाचे होते हे काय सांगायला पाहिजे? पण वेळ घरातल्यांच्या हातात होती. रिसॉर्टवर वेळ घड्याळाच्या आणि भाड्याच्या हातात असते. हॉल चार तासांसाठी, डीजे पाच तासांसाठी, मेकअपवाली दोन ‘लूक’साठी. एक कार्यक्रम लांबला की पुढचे सगळे घसरतात, आणि घसरताना सगळ्यात आधी कापली जाते ती विश्रांती.

एका लग्नातलं सांगते. मुलगी आमच्याच ओळखीतली, इंजिनिअर, हुशार. शुक्रवारी रात्री मेंदी संपायला साडेअकरा झाले. हातांची मेंदी वाळेपर्यंत तिला दुसऱ्याच्या हातून दोन घास भरवले, तेवढंच जेवण. शनिवारी सकाळी आठला हळद होती, म्हणून ती सहाला उठली. हळदीनंतर अंघोळ, केस, पुन्हा मेकअप, फोटो. संगीत रात्री एकपर्यंत. आणि रविवारचा मुहूर्त सकाळचा, म्हणून मेकअपवाली पहाटे साडेचारला दारात हजर! मंगलाष्टकांच्या आधी आम्ही तिला लिंबू-सरबत पाजलं तेव्हा कुठे ती उभी राहू शकली. चार महिन्यांनी माहेरपणाला आली तेव्हा मला म्हणाली, “काकी, लग्नातलं मला काही आठवतच नाही बघा. फोटो बघितले की कळतं, असं असं झालं होतं.” ज्या मुलीसाठी एवढा घाट घातला, तिलाच तो सोहळा भोगता आला नाही. मग हे वेळापत्रक कोणासाठी होतं? उत्तर सोपं आहे. कॅमेऱ्यासाठी.

आमच्याकडे लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं बसतात आणि ‘याद्या’ करतात. कोणी काय करायचं, कोणाचा कोणता खर्च, मानपान किती, हे सगळं कागदावर लिहून सह्या होतात. पद्धत म्हणून ती चांगलीच. तोंडी बोलण्यापेक्षा लेखी बरं. पण त्या बैठकीला बसतात पुरुष. मामा, चुलते, मध्यस्थ आणि भावकीतले चार मानकरी. आता त्यात इव्हेंट मॅनेजमेंटवाल्या मुलाची भर पडली आहे. तो लॅपटॉप उघडून म्हणतो, “सर, फर्स्ट डे मेहंदी, सेकंड डे हल्दी अँड संगीत,” आणि सगळे माना डोलावतात. त्याची काही चूक नाही. त्याला कार्यक्रम विकायचे आहेत. पण आजीला इन्सुलिन कधी घ्यायचं असतं, धाकट्या जावेचं बाळ दर दोन तासांनी दूध मागतं, एका आत्याला गाडी लागते, हे त्याला कोण सांगणार? हे सगळं ठाऊक असलेली बाई तर आत कपबशा भरत असते.

म्हणून माझं म्हणणं असं की, यादीत कार्यक्रम लिहिण्याच्या आधी माणसं लिहा. एक साधी शंभर पानी वही घ्या. डाव्या पानावर येणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि त्याच्यापुढे त्याची गरज. गुडघे दुखतात, तळमजल्याची खोली. मधुमेह, जेवण एकच्या आत. सहा महिन्यांचं बाळ, हॉलजवळची खोली. परीक्षा आहे, रविवारी रात्री परत पोहोचलं पाहिजे. वही भरली की मग उजव्या पानावर कार्यक्रम लिहायला घ्या. कितीतरी कार्यक्रम आपोआप गळून पडतील.

यात सगळ्यात आधी गळतात ती माणसंच, हे मात्र मला फार लागतं. आमच्या भागात घरटी एक-दोन म्हशी आहेत. सकाळ-संध्याकाळ धार काढायची, दूध डेअरीला घालायचं, त्यावर घर चालतं. गावातलं एका दिवसाचं लग्न असलं तर ही बाई सकाळची धार काढून, चांगलं लुगडं नेसून अक्षता टाकायला येते, पंगतीत जेवते आणि संध्याकाळच्या धारेला घरी पोहोचते. तिला ‘तीन दिवस गोव्याला चला’ म्हणणं म्हणजे येऊ नका म्हणण्यासारखंच. मजुरीला जाणाऱ्या बाईचे तीन रोज बुडतात. पाहुण्यांचा आकडा तीनशेवरून ऐंशीवर आणायचा ठरला की कात्री लागते ती अशाच नावांना. वर्षभर उन्हाळकामाला, पापड-शेवयाला ज्या हाताशी होत्या, मुलगी आजारी असताना रात्र रात्र बसल्या, त्याच लग्नात नाहीत! मोबाइलवर फोटो बघून म्हणतात, “छान झालं हो लग्न.” त्या म्हणण्यात काय असतं ते आपल्याला कळतं.

यावर उपाय आहे. बाहेरगावी जायचंच असेल तर गावातला एक दिवस वेळापत्रकात पहिला लिहा. देवक आणि घरची हळद दारात करा. दारात मांडव घाला, पिठलं-भाकरी का होईना पण पंगत बसू दे. मग खुशाल गोव्याला जा. तेही जमत नसेल तर उलटं करा. अक्षता गावात टाका आणि मुलामुलीच्या मित्रमैत्रिणींना घेऊन दोन दिवस समुद्रावर मजा करा. ते लग्न नसेल, सहल असेल, पण खर्च निम्म्यावर येईल आणि कोणाचं मन दुखणार नाही.

आता खर्चाचं. वेळापत्रकावरची प्रत्येक ओळ म्हणजे एक बिल असतं. ‘शनिवार दुपार, तलावाकाठी खेळ’ ही साधी ओळ वाचायला छान वाटते. पण त्यात सजावट आली, शीतपेयं आली, फोटोवाल्याचे जादा तास आले, सगळ्यांना जुळणारे कपडे आले. एक रात्र वाढवली की नुसत्या चाळीस खोल्यांचं भाडं नाही वाढत, ऐंशी माणसांचा नाश्ता, दोन जेवणं आणि दोन चहाही वाढतात. वर कर वेगळा. म्हणून प्रत्येक ओळीपुढे दोन रकाने हवेत. किती आणि कोणाकडून. हे दोन रकाने भरल्याशिवाय कुठलीही ओळ पक्की करायची नाही.

हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला. आता शिकल्यासवरल्या घरांत हुंडा उघड कोणी मागत नाही. “आम्हाला काही नको, फक्त लग्न चांगलं करून द्या,” असं म्हणतात. किती गोड वाक्य! पण ‘चांगलं’ म्हणजे काय, हे हळूहळू उलगडतं. आधी एक दिवस, मग दोन, मग ‘आमच्या साहेबांची माणसं येणार, हॉटेल जरा बरं बघा.’ आमच्या समुपदेशन केंद्रात मागे एक मुलगी आली होती. लग्न तीन दिवसांचं झालं होतं, सगळा खर्च तिच्या वडिलांचा. त्यांनी रस्त्याकडेची दहा गुंठे जमीन विकली होती. वर्षभरातच नवरा-बायकोत खटके उडायला लागले. मारहाण नव्हती, पण रोजचे टोमणे होते. मुलगी म्हणाली, “मला परत यावंसं वाटतं, पण बाबांनी एवढा खर्च केलाय, कोणत्या तोंडानं येऊ?” मैत्रिणींनो, हे वाक्य मी एकदा नाही, अनेकदा ऐकलंय. लग्नाचा खर्च जितका मोठा, तितकं मुलीला माहेरचं दार जड होतं. तीन दिवसांच्या झगमगाटाची खरी किंमत कधी कधी ही असते. म्हणून खर्च दोन्ही घरांनी निम्मा निम्मा उचलावा, आणि ज्याला एखादा कार्यक्रम हवा त्याने त्याचे पैसे द्यावेत. मुलगा-मुलगी दोघंही कमावती असतील तर त्यांनी आधी त्यांच्या पगारातून काय जमतं ते सांगावं. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपण मुलांना शिकवतो. लग्नाच्या वेळी ते अंथरूण बापाचंच का?

‘एकदाच तर लग्न होतं, हौसेला मोल नसतं,’ असं कोणी म्हणेल. मान्य. पण महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी डिसेंबरात पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. भटजीशिवाय, कमीत कमी खर्चात, आणि सावित्रीबाईंचा त्यात पुढाकार होता. फुल्यांच्या मंगलाष्टकांत वधू स्वतः बोलते, बायकांच्या हक्कांबद्दल बोलते. दीडशे वर्षांपूर्वी नवरीला स्वतःच्या लग्नात बोलायला जागा होती. आजच्या तीन दिवसांच्या कार्यक्रमात तिला बोलायला पाच मिनिटं आहेत का? नाचायला आहेत, पोझ द्यायला आहेत. बोलायला?

हळदीचा कार्यक्रम तर आता सगळ्यात रंगीत झालाय. झेंडूच्या माळा, पिवळे कपडे, ढोल. पण हळद लावायला पुढे कोण येतं? पाच सवाष्णी. नवरीची सख्खी आत्या, जिने तिला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलं, नवरा गेला म्हणून मागच्या खुर्चीत बसून राहते. रिसॉर्ट पंचतारांकित आणि रीत मात्र तीच जुनी! आमच्याच कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. एका गावाला जे जमलं ते आपल्या घराला का जमू नये? वेळापत्रकात सरळ लिहा, ‘हळद, सुरुवात आत्याच्या हातून.’ एकदा छापलं की कोणी काही बोलत नाही.

आता प्रत्यक्ष आखणीकडे वळू. माझ्या मते दोन रात्री पुष्कळ झाल्या. समजा मुक्काम शुक्रवार ते रविवार आहे. शुक्रवारी लोकांनी पोहोचावं, एवढाच कार्यक्रम ठेवा. हॉटेलात खोल्या बहुतेक ठिकाणी दुपारी बारा-दोनच्या पुढेच मिळतात. सकाळी दहाला पोहोचलेलं वऱ्हाड सामान घेऊन लॉबीत बसतं आणि मुलं रडायला लागतात. तेव्हा निघण्याची वेळच अशी ठेवा की पोहोचायला तीन वाजावेत. आमच्याकडून आंबोलीमार्गे गोव्याला जायला चार तास धरावेतच. घाटात गाडी लागणाऱ्यांसाठी थांबावं लागतं. पोहोचल्यावर चहा, आंघोळ, विश्रांती. संध्याकाळी ज्यांना हवी त्यांना मेंदी. नवरीची मेंदी मात्र आदल्या दिवशी घरीच काढून घ्यावी. त्याने तिची एक अख्खी रात्र वाचते. रात्री साधं जेवण, वरण-भात, एखादी भाजी, आणि दोन्ही घरांची नीट ओळख. कोण कोणाचं कोण, हे पहिल्याच दिवशी कळलं की पुढचे अर्धे गैरसमज टळतात. दहाला दिवे बंद.

शनिवारी आठला नाश्ता आणि साडेनऊला हळद. दुपारचं जेवण साडेबारा ते दोन. पुढचे तीन तास वेळापत्रकात ‘विश्रांती’ असं ठळक अक्षरात छापा. रिकामी जागा सोडली की तिथे कोणीतरी कार्यक्रम घुसवतं, म्हणून शब्द छापलेला हवा. संध्याकाळी पाचला समुद्र. संगीत सातला सुरू, साडेनऊला बंद. उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर लावायला २००० सालच्या नियमांनुसार बंदी आहे. रंगात आलेला नाच पोलिसांनी येऊन थांबवण्यापेक्षा आपणच वेळेत थांबलेलं बरं. आणि नाचातच सगळं का? आपल्याकडे जात्यावरची गाणी आहेत, उखाणे आहेत, भोंडल्याची गाणी आहेत. म्हाताऱ्या बायकांना माइक द्या, मग बघा कसा कार्यक्रम रंगतो ते.

रविवारी लग्न. इथे एक गंमत लक्षात ठेवायची. मुहूर्त बारा वाजून सदतीस मिनिटांचा आणि खोल्या अकराला सोडायच्या, असं झालं की भरजरी शालू नेसलेल्या बायका बॅगा घेऊन जिन्यात उभ्या राहतात. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून गुरुजींना विचारून मुहूर्त सकाळचा घ्या. नाहीतर चार-पाच खोल्या संध्याकाळपर्यंत ठेवण्याचं आधीच लेखी ठरवा. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या आणि नवरा-नवरी यांच्यासाठी. अक्षता झाल्या की जेवण, तीनपर्यंत निघायचं. अंधार पडायच्या आत घाट चढून झाला पाहिजे.

घाटावरून आठवलं. यादीत ड्रायव्हरांची नावं लिहिता का तुम्ही? बहुतेक जण लिहीत नाहीत. मग ही माणसं गाडीत झोपतात, सगळ्यांचं उरकल्यावर जेवतात, आणि आपली लेकरंबाळं घेऊन रात्रीचा घाट तेच चढवतात. त्यांना खोली, वेळेवर जेवण आणि निघण्याआधी सहा तासांची झोप मिळाली पाहिजे. हा उपकार नव्हे, आपल्याच जिवाची काळजी आहे.

आणखी काही बारीकसारीक गोष्टी. पुण्या-मुंबईचे पाहुणे कोकण रेल्वेने येणार असतील तर नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० नव्हे, ६० दिवस आधी उघडतं हे त्यांना कळवा. तुळशीच्या लग्नानंतर आपला हंगाम सुरू होतो आणि त्याच दिवसांत गोव्यात पर्यटकांचीही गर्दी असते. तिकीट मिळालं नाही तर काय, याचा विचार आधीच हवा. वाळूवर मांडव घालायचा असेल तर भरतीची वेळ बघा. ती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं. फोटोवाला सूर्यास्त बघतो, भरती बघत नाही. डिसेंबरात तिकडे सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, म्हणजे पाचला तयार व्हावं लागतं. किनाऱ्यावर मांडवाला परवानगी लागते. ती कोण काढणार हे कागदावर घ्या.

मुलींच्या पाळीचं कोणी उघड बोलत नाही, पण तीन दिवसांच्या कार्यक्रमात हा प्रश्न येतोच. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेतल्या जातात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, सगळ्यांनाच त्या चालत नाहीत. त्यापेक्षा तारीख ठरवतानाच मुलीला विचारलं तर काय बिघडलं? आणि पाळी आलीच तर आली. नवरी बसली म्हणून देव रागावत नाही.

विवाह नोंदणीचंही असंच. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सगळ्या लग्नांची नोंदणी सक्तीची करायला सांगितली, तरी तीन दिवसांच्या धामधुमीत नोंदणीचा दिवस कोणाच्या वेळापत्रकात नसतो. नोंदणी पद्धतीने, म्हणजे विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं असेल तर ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, आणि दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला असावा लागतो. म्हणजे दोन रात्रींसाठी गोव्याला जाऊन तिथे नोंदणी लग्न होणार नाही. ते आपल्या जिल्ह्यात करावं. पुढे पासपोर्ट असो, विमा असो, की देव न करो, कोर्टकचेरी असो, समुद्राकाठचा अल्बम उपयोगी पडत नाही, तो साधा दाखला पडतो.

हे सगळं वाचून काही जणी म्हणतील, आमचं कोण ऐकतं? खरंय, लगेच कोणी ऐकत नाही. पण आमच्या बचत गटात आम्ही एक प्रघात पाडलाय. गटातल्या कोणाच्याही घरी याद्यांची बैठक असली की शेजारच्या दोघी जाऊन चहा-पोह्यांचं बघतात. घरच्या बाईने बैठकीत बसायचं. सुरुवातीला पुरुष मंडळी चुळबुळायची. एका चुलत्यांनी तर विचारलंही, “वहिनी, आत काही काम नाही का?” वहिनी म्हणाल्या, “आहे की भावजी, पण ते इथलं झाल्यावर.” त्या बैठकीत चार दिवसांचे दोन झाले आणि रिसेप्शनचा खर्च मुलाकडच्यांनी आपणहून घेतला. भांडण नाही, आवाज नाही. फक्त एक बाई वही घेऊन बसली होती.

तेव्हा पुढच्या वेळी घरात लग्न निघालं की चहाचं आधण दुसरीला सोपवा आणि वही घेऊन बाहेर या. कार्यक्रम कोणताही सुचवू द्या, तीनच प्रश्न विचारा. हे कोणासाठी? याचे पैसे कोण देणार? आणि यामुळे कोण मागे राहणार? तिन्ही उत्तरं मनाला पटली तर खुशाल गोव्याला जा, समुद्राकाठी नाचा, हिरवे-पिवळे कपडे घाला. नाही पटली तर ती ओळ खोडायला पेन तुमच्याच हातात आहे.